पोकळ वाजलेल्या एकोणीस फरश्या

फरशी डोळ्यांना कळत नाही, कानाला कळते. सळईचा तुकडा घेऊन प्रत्येक फरशीचे चारही कोपरे आणि मधला भाग ठोकत जायचं. खाली चुना नीट भरला असेल तर आवाज आखूड आणि घट्ट येतो. नसेल तर मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. पोकळ निघाली की गेरूची फुली. फुलीची फरशी उखडायची. सरकारी बांधकामांवर तपासनीस म्हणून लागलो तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि हे काम मला फार आवडलं होतं. ठोकलं की खरं-खोटं कळतं, असं दुसरं काही मला तोवर भेटलं नव्हतं.

बोरी अरबहून सायकलने तासाभरावर एका गावात दवाखाना बांधून होत आला होता. फरशीचं काम आमच्याच वस्तीतल्या एका वयस्क मिस्त्रीकडे होतं. त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. धर्मांतरानंतर वस्तीत विहार बांधला, त्याची फरशी त्यांच्याच हातची. तिच्यात सुई शिरेल एवढीही फट नव्हती.

वैशाखातली दुपार होती. ओव्हरसियर दुसऱ्या दिवशी येणार होते. मी बाळंतपणाच्या खोलीपासून सुरुवात केली.

"बापू, हलकं मार न. फरशी होय ते, ढोल नाही," काकांच्या टोळीतली एक बाई म्हणाली. सगळे हसले. पाचव्या फुलीनंतर कोणी हसलं नाही.

एकोणीस फुल्या झाल्या.

"काका, हे काय होय?"

"उन्हानं वाजते."

"उन्हानं एकोणीस वाजत नाहीत."

"मंग लिही," काका म्हणाले आणि थापी पुसत बसले.

मी भडकलो. आपल्या माणसांच्या कामाला नाव ठेवायला लोक टपलेले असतात, इथे बाया बाळंत होणार आहेत, ओळखीपायी मी खोटी सही करणार नाही, असं बरंच बोललो. काका थापीच पुसत राहिले. शेवटी त्या बाईनेच घमेलं खाली आदळलं.

"झालं तुहं भाषण? हौद पाह्यला काय?"

मी बाहेर जाऊन पाहिलं. फरशी रात्रभर हौदात भिजवावी लागते, नाहीतर कोरडा दगड चुन्यातलं पाणी ओढून घेतो आणि चुना मरतो. हौद ठणठणीत कोरडा होता. विहीर मात्र तिथून चाळीस पावलांवर होती.

"काहून नाही भिजवल्या?"

"गावचा माणूस वरून ओतते, आपण खाली घागर धरून उभं राहाचं," काका म्हणाले. "तूच तं वस्तीत वाचून दाखवलं होतं, असं पाणी घ्याचं नाही म्हणून. आम्ही हात वर केले होते. नाल्यातल्या झिऱ्याचं आणून राह्यलो. चुना कालवण्यापुरतं होते."

चार पानांचं पत्रक होतं ते. मी बाजेवर उभा राहून वाचलं होतं आणि शेवटी सगळ्यांकडून शपथ घेतली होती. मग मी नोकरीवर गेलो. तिथे नळ होता.

"ठेकेदाराले नाही सांगितलं?"

"सांगितलं न. तो म्हणे, पाणी तं हाय, तुम्हीच घेत नाही."

करारात पाणी पुरवण्याची जबाबदारी ठेकेदाराची होती. मी वहीत लिहिलं: एकोणीस फरश्या पोकळ. कारण, भिजवल्या नाहीत. टोळीला घेता येईल असं पाणी ठेकेदाराने पुरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियरनी ते दोनदा वाचलं. माणूस वाईट नव्हता.

"तपासनिसाने आवाज लिहायचा. रामायण नाही. शेवटची ओळ खोड. फरश्या बदलून घेऊ, मिस्त्री राहील कामावर. ओळ ठेवलीस तर ठेकेदार आधी मिस्त्रीला काढेल. आणि एकदा पोकळ कामासाठी काढलेल्या मिस्त्रीला या तालुक्यात पुन्हा फरशी कोण देईल?"

टोळी दारात उभी होती. पेन माझ्या हातात होतं. मी काकांकडे पाहिलं. ते पाहणं भित्रेपणाचं होतं. ओळ माझी होती.

"माह्याकडं काय पाह्यतं? खरं हाय काय लिहिलेलं?"

"खरं हाय."

"मंग खोडतं कायले? फक्त त्या एकोणीस मीच काढीन. दुसऱ्याच्या हातानं नाही निघाल्या पाहिजे."

मी ओळ तशीच ठेवली. संध्याकाळपर्यंत काकांनी सगळ्या उखडल्या. एकीचाही कोपरा तुटला नाही. खालचा चुना राखेसारखा भुरभुरत होता. पाठी खरवडून त्यांनी फरश्या भिंतीशी उभ्या केल्या आणि ते टोळी घेऊन काम सोडून गेले. ठेकेदारावर त्यांना काढायची वेळच आली नाही.

आठवड्याने मी पुन्हा गेलो तेव्हा हौद काठोकाठ भरलेला होता. माझ्या ओळीचा परिणाम झाला, असं मला क्षणभर वाटलं. पाणी कोणी पुरवलं, असं मी नव्या मिस्त्रीला विचारलं.

"पुरवते कोण? विहीर हाय न समोर," तो म्हणाला. "आम्ही गावचेच. ओढलं न् भरलं."

मी एकूण एक फरशी ठोकली. कोपरे दोन-दोनदा ठोकले. मला एक तरी पोकळ हवी होती. सगळ्या भरीव निघाल्या. मी तसं लिहिलं आणि सही केली.