नाक दाबून खाल्लेलं चिकन

डबा उघडायच्या आधी भाऊ डाव्या हाताने नाक दाबायचे. मग एक तुकडा तोंडात टाकून म्हणायचे, "शी. ओलं फडकं चावल्यासारखं लागतंय." आणि दुसरा उचलायचे. जेवणाचा इतका तिटकारा असून रोज वेळेवर जेवायला बसणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात ते माल पाठवण्याचं काम बघत. निफाडकडचे, अंगाने आडवे, मिसळीवर तर्री दोनदा मागून घेणारे. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लिव्हर निकामी झालं, तेव्हा स्वतःच्या लिव्हरचा तुकडा द्यायला ते निघाले. डॉक्टर म्हणाले, तुमच्याच लिव्हरवर चरबी आहे, आधी वजन उतरवा. तेव्हापासून तेल, मसाला बंद आणि रोज उकडलेलं चिकन.

बायको गावाकडे, ते इथे खोलीवर एकटेच राहायचे. फ्रिजमधला गारठलेला गोळा तसाच खळखळत्या पाण्यात टाकायचे. वरून चिवट, आतून गुलाबी, भोवती राखाडी फेसाच्या गुठळ्या. त्या वासाने आमचं अख्खं टेबल उठून जायचं. पण एकदा ते बाहेर जाऊन ओकून आले आणि परत त्याच डब्यासमोर बसले. त्या रविवारी मी त्यांना घरी बोलावलं.

चिकन गार पाण्यात घातलं. सोबत आलं, मिरी, मीठ. मंद आचेवर वर आलेला फेस काढायला त्यांना सांगितलं, तर तोंड फिरवून अंदाजानेच चमचा मारत होते. पाणी उकळू द्यायचं नाही, नुसतं थरथरलं पाहिजे, असं मी बजावलं. मग गॅस बंद करून झाकून ठेवलं. सगळ्यात जाड तुकडा मधोमध कापला, तर आत कुठे गुलाबी नव्हतं.

"मऊ झालंय, ताई," ते चावत म्हणाले. "पण शी ती शीच."

एखादा दिवस सोडा की, मी म्हटलं.

"तिला पाणीबी पचत नाय. मला हे गिळायला काय धाड भरलीय?"

उन्हाळाभर ते गिळत राहिले. चरबी उतरली, ऑपरेशन झालं, दोघं सुखरूप घरी आले. भाऊंनी नोकरी सोडली आणि गावाकडची द्राक्षबाग धरली.

पुढच्या वर्षी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. चिकनच्या रश्श्याचं पातेलं पंगतीत आलं, तसे भाऊ उठून बागेकडे निघून गेले. त्यांच्या रिकाम्या पाटाशेजारी बहीण बसली होती. तिने वाटी पुढे केली.

"वहिनी, अजून वाढ गं."