वडिलांच्या नावाखाली निर्वंश

आमच्या आडनावाचं मूळ शोधायचं वेड माझ्या चुलतभावाला लागलं. तो अमरावतीला क्लासेस चालवतो, बोलण्यात पटाईत. वरूडकडच्या एका गावावरून आपलं आडनाव पडलं, हे त्यानं गावोगाव हिंडून शोधून काढलं होतं. मग त्यानं डीएनए चाचणीच्या किट मागवल्या आणि एक घेऊन अकोल्याला, जठारपेठेतल्या माझ्या घरी आला.

"ताई, काकाच्या रक्ताचं कोणी पाह्यजे. तूच दे," तो म्हणाला.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मागे आम्ही दोघी बहिणीच. मी नळीत थुंकले. निकाल आल्यावर त्याचाच फोन आला, "जुळलं वो ताई! आपण एकाच रक्ताचे निघालो!" जशी काही शंकाच होती. तरी मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

दिवाळीनंतर त्यानं अमरावतीला सगळं कूळ जमवलं. आईला आणि बहिणीला घेऊन मी गेले. हॉलच्या भिंतीवर वंशावळीचा भलामोठा फ्लेक्स लावला होता. आईनं चष्मा चढवून वडिलांचं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि तिथंच थबकली. नावाखाली एकच शब्द होता: निर्वंश.

"हे काय लिवलं, बाबू?" तिनं पुतण्याला विचारलं.

"काकू, पद्धत आहे ते. पोरगा नसला की असंच लिवतात. पोरीचं आडनाव पुढं जात नाही न."

माझं डोकंच फिरलं. लग्नानंतरही मी माहेरचंच आडनाव लावते. नोकरीभर त्याच नावानं सह्या केल्या.

"मंग माही थुंकी कावून नेली?" मी ओरडलेच. "थुंकाले मी वंशातली, आन् भिंतीवर निर्वंश?"

"ताई, सगळ्याईसमोर तमाशा नको करू."

तमाशा! वडील गेल्यावर संत्र्याची बाग आईनं एकटीनं राखली, दोन लेकी शिकवल्या. तिच्या नवऱ्याचा वंश बुडाला असं तिच्याच डोळ्यांसमोर टांगायचं, तो तमाशा नाही. मी विचारलं, तो तमाशा.

आई दाराजवळच्या टेबलापाशी गेली, तिथला मार्कर उचलला, तो शब्द गिरगटून टाकला आणि खाली वाकड्या अक्षरांत आमची दोघींची नावं लिहिली.

"आता जेवाले वाढा," ती म्हणाली.

आम्ही जेवलो. शेजारी कोणी बसलं नाही.

महिन्याभरानं भावानं नातेवाइकांच्या ग्रुपवर सुधारलेली वंशावळ टाकली. आमची नावं होती. दोघींच्याही पुढं कंसात 'विवाहित'. मी लगेच लिहिलं, "लग्न तं तुहंही झालं. तुह्या नावापुढं कावून नाही?"

त्यानं वाचलंय.