ब्लॉगवरची भिशी

कुणाच्या हाती हे पडलंच तर आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर फारच वाईट आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीला, निम्मी कानडीत बोलून. तेव्हा अक्षर बरं होतं. पण नंतर कितीतरी वर्षं मी फोनवर अंगठ्यानं लिहिलं. चुकलेला शब्द फोन स्वतःच सुधारतो, कागद सुधारत नाही. आता पेन धरलं की वेलांट्या कुठेही पडतात. तरी लिहिणार आहे. कालपासून मन जागेवर नाही. हे फोनवर टाकलं असतं तर दोन मिनिटांत कुणीतरी नुसता अंगठा दाखवला असता. मला अंगठा नको, सगळं सांगायचंय.

मी घरी साड्यांना पिको-फॉल करते. नवी पेठेतल्या दुकानातून गठ्ठा आणायचा आणि नेऊन द्यायचा, हे काम नवरा करतो, कारण तो रिक्षा चालवतो आणि मला शेठजींसमोर बोलता येत नाही. बोलायला गेले की घसा कोरडा पडतो. अशा मला एक दिवस फोनवर सोलापुरातल्याच एका बाईंचं पान सापडलं. गिरणीतली रांग, नळाला न आलेलं पाणी, बिघडलेली शेंगाचटणी, असलं रोजचं काहीतरी त्या लिहायच्या. त्याला ब्लॉग म्हणतात हे मला मागाहून कळलं. खाली बायका उत्तरं द्यायच्या आणि एकमेकींशीही बोलायच्या. मी सगळ्यांचं वाचायची आणि गप्प बसायची.

मग पान लिहिणाऱ्या त्या ताईंनी एकदा विचारलं, तुमच्याकडे येळवस अमावस्येला काय करतात? ते मला माहीत होतं. शेतात कडब्याची खोप करायची, आत पाच पांडव मांडून पूजा करायची, आणि भज्जी-आंबील तिथंच बसून जेवायची. एवढंच लिहायला मला अख्खी दुपार लागली. संध्याकाळी बघते तर कितीतरी जणींनी मला उत्तर दिलेलं. एक म्हणाली, पुढं सांगा की. माझं ध्यान असं उडालं की हातातल्या साडीचा फॉल मी उलट्या बाजूनं शिवला.

ताईंनी मला माझा स्वतःचा ब्लॉग काढून दिला. मी आठवड्यातून एकदा लिहायची. त्या पाच-सहा ओळींसाठी मी आठवडाभर जगायची. भाजी निवडताना मनात वाक्यं जुळवायची. तिथं कुणी कुणाचं नाव विचारत नसे. मी दुधनीवाली होते. एक उजनीकाठची होती, धरणाच्या फुगवट्यावर तिची केळीची बाग. तिचं प्रत्येक उत्तर पाण्यापासून सुरू व्हायचं. पाणी मागं गेलं की पंपाची मोटार त्याच्या मागं न्यावी लागते, म्हणून ती लिहायची, "आज मोटार खाली सरकवली. आता तुझं वाचते."

वर्षभरानं ताईंनी भिशी काढली. बारा जणी, महिन्याला पाचशे. नवऱ्यानं डोक्याला हात लावला.

"तोंड बगितलं न्हाईस, नाव म्हाईत न्हाय, आन् पैसे देतीस व्हय?"

"त्यांनी तरी मला कुटं बगितलंय?"

"म्हंजे समद्याच येड्या."

ताईंनी एक नियम घातला होता. जी पहिली उचल घेईल तिनं शेवटच्या उचलीची हमी घ्यायची. शेवटचीला तिचे पूर्ण पैसे मिळेपर्यंत पहिली सुटली नाही. चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिली माझी निघाली. त्या पैशातूनच माझं पिकोचं मशीन आलं. उजनीकाठची स्वतःहून शेवटी राहिली. तिनं लिहिलं, "मला घाई न्हाय. दुधनीवाली हाय की माज्यासाठी."

ते वाचून मला इतका आनंद झाला की मी तिची ती ओळ नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली.

भिशी चालू असतानाच दिवस बदलले. ताई म्हणाल्या, सगळ्या फोनवरच्या ग्रुपवर या, तिथं लगेच बोलता येतं. आम्ही गेलो. पहिले काही दिवस फोन ठेवावासा वाटत नव्हता. पण मग तिथं सकाळी फुलं यायला लागली, दुपारी कुठून कुठून आलेले उपदेश, निवडणुकीच्या वेळी भांडणं. आज काय शिजवलं हे कुणी सांगेना. एकेक जण निघून गेली. मी ब्लॉगवर लिहायची, पण तिथं आता कुणी येत नव्हतं. उजनीकाठचीचा फोन पाण्यात पडला, असं तिनं कुणाला तरी कळवलं होतं. त्यानंतर ती दिसलीच नाही. नेमकी तिचीच उचल राहिली होती.

ताई लेकीकडे राहायला निघाल्या तेव्हा त्यांचा फोन आला.

"पहिलीनं शेवटचीचं बघायचं, आठवतंय ना?"

"व्हय, ताई."

"निम्म्या जणींनी पाठवलेत, ते तुला देते. बाकीच्या उत्तरच देत नाहीत गं."

मी, जिला शेठजींशी बोलता येत नाही, तिनं बाकीच्यांना एकेक करून फोन लावले. दोघींनी दिले. एक म्हणाली, ते जुनं झालं की आता. उरलेले मी पिकोच्या पैशातून थोडे थोडे घातले. नवरा म्हणाला, "दुसऱ्यांचे तू का भरतीस?" मी मशीनकडं नुसतं बोट केलं. मग तो साड्यांचा गठ्ठा उचलून दुकानाकडं निघाला.

पैसे जमले, पण द्यायचे कुणाला? नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि उजनीच्या काठावर गावं कितीतरी. तिच्या जुन्या नंबरवर फोन केला तर एक माणूस वैतागून म्हणाला, "ये नंबर अब मेरा है, आपा. केले-बिले कुछ नहीं यां."

मग रीलचे दिवस आले. मला ते आधी आवडायचे नाहीत, वाऱ्यासारखे डोळ्यांपुढून जायचे. पण परवाच्या आठवड्यात जेवून बसले होते आणि समोर केळीची बाग आली. चेहरा नाही, फक्त चिखलातले पाय आणि पाइप धरलेला हात. त्या बाईचा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. तो म्हणाला, "आज मोटार खाली सरकवली. पाणी पार चिलारीच्या झुडपांच्याबी खाली गेलंय." मी ताडकन उठले. मांडीवरची साडी खाली पडली.

खाली लोकांनी टाकलेली बदामांची आणि फुलांची शेकडो चित्रं होती. त्यात मी लिहिलं, "मी दुधनीवाली. तुमची भिशी माज्याकडं हाय." तिच्याआधी दुसऱ्यांनीच उत्तर दिलं. एकानं लिहिलं, सावध राहा, हे आधी पैसे देतो म्हणतात आणि मग खातं रिकामं करतात. थोड्या वेळानं तिनंही लिहिलं, "मावशी, असले मेसेज लई येतात. माज्या नादाला लागू नका." आणि मला ब्लॉक करून टाकलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी हसत सुटले. ती होती. अजून मोटार सरकवत होती. त्या काळी न बघता पाचशे रुपये देणारी बाई आता घेतानासुद्धा घाबरते, याचं नवल तेवढं वाटलं.

व्यापारी यावेत म्हणून ती प्रत्येक रीलच्या शेवटी गावाचं नाव सांगायची, ते मी आधीच ऐकून ठेवलं होतं. काल मी आणि नवरा एसटीनं निघालो, पुढं वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपनं. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्यामागं आमची जीप मुंगीसारखी. काय बोलायचं ते मी वाटभर मनात घोकत होते.

बागेच्या बांधावर ती उभी होती, माझ्याहून वयानं लहान, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"कोण पायजे?" ती म्हणाली.

घोकलेलं सगळं विसरले. "दुधनीवाली," एवढंच तोंडातून आलं.

ती बांधावरून खाली उतरली. "ती रीलवरची तूच व्हय? आगं, मी तुला चोर समजले की."

"समजलीस ते बरं केलंस. बाकीच्यांपास्नं तरी वाचशील."

"आन् तू तर म्हातारी निघालीस. लिवायचीस तवा पोरगी वाटायचीस."

नवरा मागं खो खो हसला. तिनं आम्हाला पंपाजवळच्या सावलीत बसवलं, केळी आणली, आणि आम्ही ताईंबद्दल, त्या बायकांबद्दल, कोण कुठं गेली असेल याबद्दल इतकं बोललो की माझा घसा एकदाही कोरडा पडला नाही. मग मी पिशवीतून रुमालात बांधलेल्या नोटा काढल्या. कुणी बुडवलं आणि कुणी भरलं हे मी सांगितलं नाही.

"मी तर कवाच सोडून दिलं हुतं," ती म्हणाली.

"धर. मोजून घे."

तिनं ओले हात पदराला पुसले आणि पैसे सावकाश मोजले. पूर्ण होते.