राघूमामांची रिकामी ओळ

भुताखेताच्या गोष्टी कुणी सुरू केल्या की मी सरळ चहा टाकायला उठते. भोरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे. मशीन चुकत नाही, माणूस चुकतो, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

माझे अब्बा बँडमास्तर, क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या शेजारी तीस वर्षं ट्रम्पेट घेऊन उभे राहिले ते विंझरचे राघूमामा. सख्खे मामा नव्हेत, पण ईदचा शीरखुर्मा आमच्याकडे त्यांच्याआधी कुणी चाखत नसे. शेती सांभाळून लग्नसराईत बँड. दोघांनी मिळून वरातीची एक चाल बांधली होती. अब्बांची क्लॅरिनेट सवाल करायची, मामांचा ट्रम्पेट जवाब द्यायचा.

मी कॉलेजात असताना ती चाल नोटेशनच्या, म्हणजे सूर लिहायच्या, सॉफ्टवेअरमध्ये टाईप केली. त्यात प्रत्येक वाद्याला एक आडवी ओळ असते. मामांची ओळ मात्र मी रिकामी सोडली, कारण मामा लिहूच देईनात.

"शबू, मास्तरांचं लिव, ढोलाचं लिव. माजं कशाला लिवती? म्या हाय की वाजवायला!"

चार वर्षांपूर्वी मामा गेले. अब्बांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवली ती ठेवलीच.

मागच्या हिवाळ्यात शेवंतामामी, म्हणजे राघूमामांची बायको, घरी आल्या. नात प्राचीचं लग्न ठरलं होतं. नवरा मुलगा पालीचा.

"मास्तर, वरातीला तीच चाल पायजे," मामी म्हणाल्या. "त्यांनी पोरीला लहानपणीच कबूल केल्यालं."

"वहिनी, अर्धी चाल म्या न्हाई वाजवणार," अब्बा म्हणाले. "राघूचे जवाब कुठनं आणू?"

मामींनी वाद घातला नाही. चहा प्यायल्या, पदर सारखा केला आणि गेल्या. ते गप्प जाणं मला लागलं. ठरवलं, निदान अब्बांची ओळ तरी छापून काढायची. ती बघून जवाब सलीम बसवेल काहीतरी. सलीम म्हणजे माझा चुलतभाऊ, आता बँडमध्ये ट्रम्पेट तोच वाजवतो. चालीचे कागद केव्हाच वाळवीने खाल्ले होते. एका लग्नाची सीडी मिळाली, तर तिच्यात नुसते फटाके! उरली ती माझी फाईल, क्लासच्या माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरमधली.

आणि ती फाईल नव्या व्हर्जनमध्ये उघडेना. फार जुनी आहे, म्हणे. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत असेल – अशा वेळी मधली पायरी लागते. जुनी फाईल आधी मधल्या व्हर्जनमध्ये उघडून सेव्ह करायची, मग ती नव्यात न्यायची. एका जुन्या लॅपटॉपवर ते मधलं व्हर्जन निघालं. पहिल्या प्रयत्नात स्वरांच्या जागी चौकोन आले, कारण जुना फॉन्ट नव्हता. तो टाकला. दुसऱ्या प्रयत्नात ढोलाची ओळ क्लॅरिनेटवर चढली. ती खाली आणली. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास तिसऱ्यांदा फाईल नव्या व्हर्जनमध्ये उघडली, आणि सगळं जागच्या जागी आलं.

मामांची ओळ भरलेली होती.

पहिला विचार आला, क्लॅरिनेटचीच कॉपी पडली असणार. ताडून पाहिलं. एकही जागा जुळेना. जिथे क्लॅरिनेट थांबते, तिथे हे सूर सुरू होत होते. फाईल बिघडली की कचरा निघतो हो, गाणं निघत नाही! जुन्या कॉम्प्युटरवर मूळ फाईल उघडली – ओळ कोरी. तीच मूळ फाईल त्याच पायऱ्यांनी पुन्हा नव्यात आणली – कोरी. आणखी चार वेळा आणली – कोरीच. भरलेली फक्त ती एक. आणि तो जुना कॉम्प्युटर इतकी वर्षं माळ्यावर गोणपाटात बांधलेला होता... त्याला हात लावणार कोण?

भीती नाही वाटली. भरल्या घरात कुणीतरी आपलं माणूस अचानक येऊन बसावं, तसं वाटलं. मी ती फाईल असलेला लॅपटॉप उचलला आणि चपला न घालताच घराकडे सुटले.

अब्बांना काही सांगितलं नाही. नुसतं प्लेचं बटण दाबलं. कॉम्प्युटरचा तो पत्र्यासारखा आवाज, पण अब्बांची मान वर आली. दुसऱ्या जवाबात सूर मध्येच तुटला आणि पुढे गेला. मी स्क्रीनवर पाहिलं, तर तिथे श्वास घ्यायची खूण होती, स्वल्पविरामासारखी. नको त्या जागी.

अब्बा हसायलाच लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"तीस वर्सं शिव्या घातल्या गं मी त्याला! राघ्या, तिथं दम घ्यायचा न्हाई म्हणून! न्हाई सुधारला तो. लिवताना बी न्हाई सुधारला!"

मग म्हणाले, "पेटी काढ."

लग्न विंझरला, रस्त्याच्या कडेच्या मैदानात. समोर राजगड, ऊन कलतं. अब्बांनी सवाल टाकला. सलीमने कागदावरनं जवाब दिला आणि त्या जागी थांबून दम घेतला, जसा लिहिला होता तसा. गर्दीतले म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. एक जण ओरडला, "आरं, हा तर राघूचा ट्रम्पेट!" मग काय विचारता... पालीचे वऱ्हाडी, विंझरचे गावकरी, फेटे सुटलेले, नवरी स्वतः नाचतेय! चाल सहा वेळा वाजवायला लावली. मंडपाकडे तोंड करून बसलेल्या शेवंतामामी उठल्या, आणि ज्या बाईला गावाने कधी नाचताना पाहिलं नव्हतं तिने दोन्ही हात वर करून फेर धरला.

नंतर मी सॉफ्टवेअरमधल्या जाणकारांना मूळ आणि भरलेली, दोन्ही फायली पाठवल्या. एकाने लिहिलं, तुम्हीच कधीतरी टाईप करून विसरला असाल. दुसऱ्याला वाटलं, लपवलेली ओळ उघडी पडली असेल. मूळ फाईल त्याने पार आतून तपासली आणि कळवलं, तिथे काहीच नाही. मी ती ओळ लिहिलेली नाही, लिहायला मला ते जवाब पाठच नव्हते. ते आले कुठून, मला आजही सांगता येत नाही.

लग्नानंतर आठवड्याने मामी बुंदीचे लाडू घेऊन क्लासवर आल्या. "शबू, तुमच्या दुसऱ्या चालींच्या फायली बी उघडून बघ की गं."

मी बघितल्या. एकेक करून सगळ्या नव्या व्हर्जनमध्ये आणल्या. राघूमामांची ओळ प्रत्येकीत कोरी. मामींना फोन करून तसं सांगितलं, तेव्हा मला वाटलं, हिरमुसतील.

"आसूंदे," मामी म्हणाल्या. "सवड झाली की लिवतील."