बिनबटणांचं घर

समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी आयुष्यात जितकी बटणं बंद केली असतील, तितकी आमच्या सगळ्या सोसायटीने मिळून चालूसुद्धा केली नसतील. हे मी विचार करून लिहिते आहे. थेरगावात डांगे चौकाजवळच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं आणि आमचं दार समोरासमोर आहे, त्यामुळे हे बंद करणं मी लहानपणापासून पाहत आले. विजेशी त्यांचा नोकरीतून काहीच संबंध नव्हता. ते मूळचे साताऱ्याकडचे, आकुर्डीच्या एका कारखान्यात स्टोअरला होते, आणि तिथे नट-बोल्टांपासून हातमोज्यांपर्यंत सगळं मागणाऱ्याला देण्यात त्यांची नोकरीची वर्षं गेली. पण शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे त्यांचा टेस्टर असे. सही करायची वेळ आली की ते दुसऱ्याचं पेन मागत. टेस्टर मात्र त्यांना कधी कुणाकडे मागावा लागला नाही.

ते साखर मागायला आले तरी जाताना आमच्या टीव्हीचं बोर्डावरचं बटण बंद करून जायचे. आई टीव्ही बघत असली तरी. "वहिनी, जाहिरातच चाललीय," असं वर स्पष्टीकरण. लग्नाच्या हॉलमध्ये ते रिकाम्या खुर्च्यांवरचे पंखे शोधत फिरत. एकदा तर ऐन सप्तपदीत त्यांनी भिंतीवरचं एक बटण "फुकट चाललंय" म्हणून दाबलं आणि व्हिडिओवाल्याचे दोन्ही दिवे विझले. नवरा-नवरी पाचव्या पावलावर थांबली. कोण ओरडतंय, कोण पळतंय, आणि काका शांतपणे भटजींना म्हणत होते, "चालू द्या की, उजेड हाय तेवढा."

पण त्यांचं खरं राज्य होतं गीझरवर. गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर असतं, ही गोष्ट त्यांनी फार मनावर घेतली होती. कोणी आत गेलं की ते बाहेर पेपर घेऊन बसत आणि आपल्या अंदाजाने पाणी पुरेसं तापलं की बटण वर करत. त्यांची मुलगी, मीनलताई, माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिच्या कॉलेजच्या दिवसांत रोज सकाळी आमच्या घरापर्यंत "बाबाऽऽ!" अशी हाक येई, आणि मग काकांचा आवाज, "गार पाण्यानं डोकं शांत राहतं!" घरातून बाहेर पडणं हा तर सोहळाच. काकू खाली रिक्षात बसलेल्या, मीटर पडतंय, आणि काका एकेका खोलीत बटणांवरून हात फिरवत चाललेत. गावी जायचं असलं तर आधी फ्रिज रिकामा होई. मग अर्धा नारळ, दूध, इडलीचं पीठ असं सगळं आमच्याकडे यायचं आणि शेवटी ते मेन स्विच खाली ओढायचे. खाली गेटपर्यंत जाऊन एकदा परत वर येऊन बघायचे. माणूस घरात नसेल तर घरात वीज नको, एवढं सरळ त्यांचं म्हणणं होतं.

मी लहानपणापासून फारशी बोलत नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी येणाऱ्या पाहुण्यांसमोर मराठी बोलताना चुकेल म्हणून मी गप्पच बसायचे आणि पुढे ती सवयच लागली. इतर लोक मला "बोल की काहीतरी" म्हणत. काकांनी कधी म्हटलं नाही. जिन्यात भेटले की ते विचारायचे, "तुझ्या खोलीतला पंखा बंद केलास का?" मी मान हलवली की आमचं संभाषण संपलं. मला ते फार आवडायचं.

काकू गेल्या, आणि काका एकटे पडले. मीनलताई तोवर चाकणच्या गाड्यांच्या कंपनीतून बदली होऊन अमेरिकेत, मिशिगनला गेली होती. ती येऊन त्यांना घेऊनच गेली. कायमचं. निघताना काकांनी मेन बंद केला, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आईकडं नको देऊ. ती बोलत बसते, विसरंल." विमानतळावर तपासणीवाल्यांनी त्यांच्या खिशातला टेस्टर काढून घेतला. तेव्हा ते थोडे खचले, असं ताईने नंतर सांगितलं. पण मोठ्या बॅगेत आणखी तीन होते.

तिथून ते मला व्हिडिओ कॉल करायचे. त्यांची संध्याकाळ म्हणजे माझी सकाळ. कंपनीच्या बसला निघायच्या आधी मी पोहे खात असायचे आणि समोर मोबाईलमध्ये काकांच्या जागी एक भिंत दिसायची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला तिथला प्लग लावायचा सॉकेट दाखवला. दोन उभ्या फटी आणि खाली एक गोल भोक.

"तोंड बघ ह्याचं. भ्यायल्यासारखं."

मी हसले.

"हसतीस काय? बटण कुठाय ह्याचं?"

बटण नव्हतंच. तिथे सॉकेटला बटण नसतं, वीज कायम आत येऊन उभी असते. काकांनी सगळं घर पालथं घातलं. नुसते सॉकेट. दिव्यांना बटणं होती, पण तीही उलटी. आपल्याकडे खाली केलं की लागतं, तिथे वर. त्यामुळे पहिला आठवडाभर ते झोपायला जाताना घरातले सगळे दिवे लावत आणि सकाळी उठून विझवत. गीझर तळघरात, आंघोळीला जाणाऱ्यापासून दूर, आपापला रात्रंदिवस तापत बसलेला. "कोण बंद करतं मग?" त्यांनी विचारलं. कोणीच करत नाही, असं ताईने सांगितल्यावर ते बराच वेळ त्या टाकीकडे बघत उभे होते म्हणे. टेस्टर त्यांनी प्रत्येक सॉकेटमध्ये घालून पाहिला. तो आपल्याकडच्यापेक्षा मंद लागायचा. "इथली वीज अशक्त हाय," त्यांनी मला गुपित सांगावं तसं सांगितलं. "दिसायला मोठा देश, पण वीज निम्मी." काकूंचा मिक्सर त्यांनी कपड्यांत गुंडाळून नेला होता. तो तिथे लावला तर जत्रेतला पाळणा सुटताना फिरतो तसा सावकाश फिरला. आतली मिरची एका जागी बसून राहिली. जावयाने मग वीज वाढवणारा एक जड डबा आणून दिला. मिक्सर धावू लागला, पण काकांना तो डबा आवडला नाही. "सलाईन लावल्यासारखं वाटतंय त्याला," ते म्हणाले.

जावई म्हणजे ताईचा नवरा, हैदराबादचा, फार शांत माणूस. मराठी त्याला थोडं समजतं, बोलता येत नाही. काकांना तो 'मामगारू', म्हणजे तेलुगूत सासरेबुवा, म्हणतो आणि दोघं हिंदीत बोलतात. ते हिंदी दोघांचंही नाही.

बटण नाही म्हटल्यावर काकांनी प्लग उपटायला सुरुवात केली. रात्री सगळे झोपले की सगळं उपटायचं. सकाळी कॉफीचं यंत्र बंद, इंटरनेट बंद, आणि प्लग परत लावले की ओव्हनपासून पलंगाशेजारच्या घड्याळापर्यंत सगळीकडे बाराचा आकडा लुकलुकतोय. ताई चिडायची. "बाबा, अहो नका ना! इथे लागत नाही हे करायला." मग त्यांनी प्लगांना हात लावणं सोडलं. हळूहळू त्यांच्या कॉलमध्ये भिंती कमी झाल्या. ते स्वतःच दिसायला लागले, सोफ्याच्या टोकाला बसलेले, पाहुण्यासारखे. एकदा म्हणाले, "लेकीचं घर हाय. जेवायचं, बसायचं. आपण काय करायचं हितं?"  

मग हिवाळा आला. तिथला हिवाळा म्हणजे दारात गुडघाभर बर्फ. सगळे मिळून चार दिवस एका मित्राकडे दुसऱ्या गावी निघाले. सामान गाडीत भरलं, इंजिन चालू झालं, आणि काका "चष्मा राहिला" म्हणून आत गेले. चष्मा नाकावरच होता, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. तळघरातला विजेच्या खटक्यांचा पत्र्याचा डबा त्यांनी केव्हाच शोधून ठेवला होता. त्याच्या वरचा सगळ्यात मोठा खटका, तो मेन. घरात कोणी नाही, घरात वीज नको. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी नीट बंद करायला मिळालं होतं. गाडीत ते अगदी खुशीत होते, ताई सांगते. गाणीसुद्धा म्हणाले.

पण त्या देशात घर गरम ठेवणारी भट्टीही विजेशिवाय चालत नाही. चार दिवस घर गोठत राहिलं. नळांतलं पाणी गोठलं, एक पाईप फुटला, आणि परत आले तेव्हा तळघरात पाणी, त्यात तरंगणारी खोकी, आणि जिन्यावर उभी मीनलताई. ती ओरडली नाही, तेच काकांना सहन झालं नाही. तिने फक्त डोक्याला हात लावला आणि मोजे काढून पाण्यात उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज.

"पोरी, तुला ते तिकीट काढता येतं ना कॉम्प्युटरवर? माझं काढ. मीनलला सांगू नको."

"काका, ताईला विचारलंत का?"

"विचारलं तर रडंल. लेकीचं घर बुडवलं मी. आता हितं कुठल्या तोंडानं बसू? आपलं घर हाय की तिकडं. तू बघतीयस ना? सगळं बंद हाय ना?"

दर रविवारी मी त्यांचं दार उघडून खिडक्या जरा वेळ उघड्या ठेवायचे. काकूंच्या फोटोवरची धूळ पुसायचे. फ्रिजचं दार मध्ये कापडाची घडी घालून किलकिलं ठेवलेलं, गादी गुंडाळलेली, आणि अंधार. मला नेमकं काय म्हणायचं होतं ते मला माहीत नव्हतं. तोंडातून गेलं ते असं:

"सगळं बंदच आहे, काका. इथे आता बंद करायला काहीच नाही."

 मग "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी बस चुकवली. दिवसभर ऑफिसात तिकिटांचं पान उघडत आणि मिटत राहिले. काढावं तर ताईशी खोटं वागणं, न काढावं तर काका माझ्याशिवाय कोणाला सांगणार? आणि मी असं बोलले तरी कशाला, वर्षातून एकदा बोलते आणि तेही असं.

तिकडे काय झालं ते मला नंतर ताईकडून कळलं. पाईप दुरुस्त करायला माणूस आला, त्याने तळघरातला विजेचा डबा उघडला आणि विचारलं, यातला कुठला खटका कशाचा? डब्यात ओळीने खटके होते आणि शेजारच्या कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. तो गेल्यावर जावई काकांच्या खोलीत गेला. काका बॅग भरत होते. जावयाने बॅगेकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून म्हणाला, "मामगारू, उसमें कौन-सा किसका है, हमको भी नहीं पता. आप ढूँढेंगे? मैं ऊपर रहता हूँ."

रविवार होता. काका खाली, जावई वर. काका एक खटका पाडायचे आणि ओरडायचे, "गेली का?" जावई खोल्या-खोल्यांतून धावत बघायचा. सुरुवातीला तो "गया! गया!" ओरडत होता. काका खालून ओरडले, "गया न्हाई, गेली! लाईट गेली!" मग तो "गेलीऽऽ!" म्हणायला लागला. "कुठली गेली?" "किचन गेली!" ताई बाहेरून आली तर तिचा नवरा जिन्याच्या कठड्यावर वाकून मराठीत ओरडतोय आणि खालून तिचे वडील त्याच्यावर खेकसतायत, "अरे मघाशी किचन म्हणालास, आता परत किचन? नीट बघ की जावईबापू!" ताईला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं. मग चहा टाकला, तर मध्येच शेगडीची वीज गेली.

पुढच्या फोनवर पुन्हा भिंत होती, तळघरातली. पत्र्याच्या डब्यात प्रत्येक खटक्याशेजारी चिकटपट्टी आणि त्यावर काकांचं अक्षर: 'मीनलची खोली'. 'भात'. 'कपडे धुणे'. 'माहीत नाही, पण राहू द्यावे'. भट्टीच्या खटक्यावर लाल पेनाने, 'हात लावू नये', आणि खाली त्यांची सही. मेनवरही तेच, फक्त दोन सह्या, एक त्यांची आणि एक जावयाची तेलुगूतली.

"काका, तिकिटाचं काय करू?" मी विचारलं. आवाज मुद्दाम साधा ठेवला.

"कसलं तिकीट?" ते म्हणाले. "अजून वरचा मजला राहिलाय."

त्यानंतर फोन कमी होत गेले. आधी रोज यायचे, मग चार दिवसांनी, मग कधीतरी. आले तरी बोलणं भराभर. बर्फ वितळला, मग अंगणातले दिवे कुठून येतात ते शोधायचं काम निघालं. त्यांचा फ्लॅट भाड्याने द्यायचा असं ताईने आईला कळवलं, आणि गेल्या महिन्यात एक नवीन जोडपं बघून गेलं. बाई म्हणाली, "हवा छान आहे." ती दोघं गेल्यावर मी कुलूप लावलं.

परवा मी स्वतःहून काकांना फोन केला. मी सहसा कुणाला करत नाही, त्यामुळे मनात दोन-तीन वाक्यं आधी तयार करून घेतली होती. फ्लॅट बघून गेलेल्या जोडप्याबद्दल, आणि इथे आता उकडायला लागलंय त्याबद्दल. फोन उचलला गेला. स्क्रीनवर एक अनोळखी तळघर, कुणाच्या तरी सायकली आणि काकांचा अर्धा कान.

"कोण? हां, तू व्हय. शेजारच्या म्हातारीकडं आलोय बघ. तिच्याबी डब्यावर काय लिहिलेलं न्हाई. नंतर बोलू गं पोरी, आत्ता कामात हाय."

आणि त्यांनी फोन ठेवला. तयार केलेली वाक्यं माझ्यापाशीच राहिली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय म्हणतायत गं?"

"कामात आहेत," मी म्हटलं.

"बरं झालं बाई," आई म्हणाली, आणि जरा वेळाने, भाजी ढवळता ढवळता, "साखर मागायला आता कोणी येत नाही, नाही का?"