बुचावरचं आबोलीचं फूल

आमच्या काठावर माणसं कॅलेंडर बघत नाहीत, गुणाची बोट बघतात. शिमगा झाला की ती पाण्यातून बाहेर येते आणि पाडव्यानंतर परत पाण्यात जाते. मधल्या दिवसांत अलीकडच्या माणसाला पलीकडे जायचं असेल तर त्यानं डोंगराला वळसा घालून चालत जावं, आणि वाटेत गुणाला हव्या तेवढ्या शिव्या द्याव्यात. गुणा त्या मनावर घेत नाही. बोटीवर काम चालू असलं की त्याला कान नसतात.

मी म्हादू. धरणाच्या पाण्याकाठी, बस थांबते तिथं, माझं चहाचं दुकान आहे. गुणाची बोट माझ्या दुकानासमोरच काठावर चढते, त्यामुळं त्याचं सगळं काम मला बसल्या जागी दिसतं. फुकटचे सल्ले द्यायची मला सवय आहे आणि ते न ऐकायची गुणाला. म्हणून आमची मैत्री टिकली.

गुणा मूळचा शेतकरी. डोंगराच्या पोटात त्याची भाताची खाचरं आहेत आणि आधी तो जंगलखात्याच्या कामावर जायचा. कुठल्याशा रिसॉर्टनं टाकून दिलेली ही फायबरची बोट त्यानं आणली, तेव्हा तिच्या तळाला एवढी भगदाडं होती की पोरं तिला चाळण म्हणायची. ती त्यानं स्वतः बुजवली. इंजिनही कुणी शिकवलं नाही. एकदा खोललं, जोडलं, तर हातात एक स्क्रू उरला. परत खोललं. असं करत करत शिकला. अजूनही स्क्रू उरतो कधीकधी, पण आता तो घाबरत नाही.

त्याची बायको गिरजावहिनी. बोट घरची, पण ती कधी बोटीत बसली नव्हती. बाजार असो, दवाखाना असो, ती डोंगरावरून चालत जायची. नवऱ्यानं गावाला पलीकडे न्यायचं आणि बायकोनं पायपीट करायची, याची आम्ही खूप थट्टा केली. मग एक दिवस तिनं मला कारण सांगितलं, आणि त्यानंतर मी थट्टा बंद केली.

"म्हादूभावजी, माझं करंजाळ हाय त्या पाण्याखाली," ती म्हणाली. "माझ्या आईच्या घरावरनं, छपरावरनं मी कशी जाऊ?"

धरण भरलं तेव्हा ती परकर घालून हिंडणारी पोर होती. करंजाळची माणसं लांब वसाहतीत गेली. तिचे आईबाप तिथंच वारले. तिचं लग्न याच काठावर झालं, म्हणजे माहेर समोर, पण पाण्याखाली. सणावाराला बाकीच्या बायका माहेरी जाऊन ओटी भरून यायच्या, नवा खण आणायच्या, तेव्हा गिरजावहिनी गोठ्यात काहीतरी काम काढायची. मला याचं वाईट वाटायचं. गुणाला तर फारच, पण तो बोलून दाखवणाऱ्यातला नाही.

यंदा पाणी लवकर आणि खूप खाली गेलं. शिमग्याच्या सुमारास कुणीतरी सांगत आलं, की करंजाळचं गाळाचं बेट वर आलंय आणि त्यावर एक दगडी तुळशीवृंदावन उभं दिसतंय. चारी बाजूंनी पाणी, जायचं तर बोटीनंच. गुणानं घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती चुलीपुढून उठून दारात आली. मग म्हणाली, "छपरावरनं न्हाई जायाचं न्हवं? दारात जायाचं. दारात जायाला येते मी. पण एक सांगून ठेवते. पाण्याचा थेंब जरी बोटीत आला, तर मागं फिरायचं. मला त्या पाण्याचं लई भ्या वाटतं."

झालं. गुणाच्या अंगात वारं शिरलं. दरवर्षी आठवडाभरात उरकणारं काम त्यानं यंदा असं मांडलं, जसं घरात लग्न आहे.

बोट पालथी घातली. तळाचं शेवाळ खरवडून काढलं. पॉलिश पेपरनं घासून घासून जुना रंग उतरवला आणि नखानं चाचपत केसाएवढ्या भेगा शोधल्या. भेगांवर फायबरचं कापड ठेवून वर राळेसारखं चिकट रसायन फासायचं असतं आणि त्यात ते घट्ट करणारं औषध मिसळायचं असतं. जास्त घातलं की जास्त मजबूत, असा गुणानं हिशोब केला. त्यात ऊन शिमग्यानंतरचं. भेगेला लावायच्या आत सगळा माल वाटीतच दगड झाला. वाटी होती गिरजावहिनीची, आमटीची, आणि चमचा आत उभाच्या उभा. ती वाटी घेऊन ती माझ्या दुकानात आली.

"बघा तुमच्या दोस्ताचं," म्हणाली. "आता यात आमटी वाढू का याला बोटीला जोडू?"

वाटी अजून माझ्या दुकानात आहे. मी तिच्या चमच्याला चहाची गाळणी अडकवतो.

इंजिनाचीही तीच कथा. खालच्या गिअरचं तेल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं पांढुरकं निघालं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. सील बदललं, नवं तेल भरलं, प्लग घासला, पाणी ओढणारा रबरी पंखा नवा बसवला. मग इंजिन चालवून बघायला पाण्याचं पिंप हवं म्हणून भात उकडायचं पिंप अंगणात ओढलं. इंजिन सुरू झालं, बाजूच्या भोकातून पाण्याची धार बाहेर उडाली, म्हणजे इंजिन नीट थंड होतंय, आणि गुणा एवढा खूश झाला की म्हशीनं त्या पिंपात तोंड घातलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. म्हशीनं तेलकट पाण्याला नाक मुरडलं. मग त्या पिंपात उकडलेल्या भाताला घरात सगळ्यांनीच नाक मुरडलं.

आता बुचाचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं.

बोटीच्या मागच्या अंगाला, अगदी तळाशी, एक भोक असतं. बोट काठावर असली की आत साचलेलं पाणी त्यातून काढून टाकायचं. पाण्यात सोडताना तिथं पितळेचं बूच बसवायचं. आमच्याकडं एक रीत आहे, की नांगराचा फाळ असो, जुवाची खुंटी असो, जागेवरून सुटलेली वस्तू देव्हाऱ्यात देवाच्या पायाशी ठेवायची. तिथून काही हरवत नाही. गुणानं बूच काढलं ते नेहमीप्रमाणं देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं.

पाडव्याला गिरजावहिनीनं देव घासले. देवांच्या रांगेत बूचही घासलं, ते सोन्यासारखं लखलखलं, मग त्यालाही हळदकुंकू लावलं आणि वर आबोलीचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं म्हणून संध्याकाळी गुणा बूच घ्यायला गेला, तर त्यावर फूल. आणि देवावरचं फूल आमच्यात कुणी हातानं काढत नाही. ते आपण होऊन पडावं लागतं. कौल लावताना फुलाच्या पडण्यावर सगळा निकाल ठरतो, मग असं फूल ओढून कसं काढणार? गुणा हात जोडून मागं फिरला. रात्रीत पडेल, सकाळी घेऊ, म्हणाला.

सकाळी गिरजावहिनी तयार झाली. हिरवं लुगडं, केसांत आबोली, हातात ओटीचं ताट. ताटात नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि नवा कोरा लाल खण. आईच्या तुळशीची ओटी भरायची होती. ती अशी उंबऱ्यातून बाहेर आली आणि गुणा तिच्याकडं बघत राहिला. मी प्रत्यक्ष पाहिलं. पन्नाशी उलटलेला माणूस, नवरदेवासारखा बघत होता. त्या बघण्यात देव्हारा, फूल, बूच, सगळं डोक्यातून गेलं. दोष कुणाला द्यायचा?

मीही बरोबर निघालो. करंजाळला जाऊन चहा प्यावा म्हणून किटली भरून घेतली. चार माणसांनी ढकलून बोट पाण्यात सोडली. वहिनीनं काठाला नमस्कार केला, बोटीला केला, डोळे गच्च मिटून आत बसली. इंजिन एका ओढीत सुरू झालं. गुणानं माझ्याकडं अशा रुबाबात पाहिलं, की जणू इंजिन त्यानंच जन्माला घातलंय.

बोटीच्या तळाला फळ्या टाकलेल्या असतात, त्यामुळं खाली काय चाललंय ते आधी कळलंच नाही. समोर गाळाचं बेट दिसायला लागलं, मग त्यावरचं वृंदावनही. वहिनीनं डोळे उघडले होते आणि ती एकटक तिकडं बघत होती. तेवढ्यात फळीच्या फटीतून पाणी वर आलं आणि तिच्या पायाची बोटं भिजली. तिनं खाली पाहिलं. मी पाहिलं. गुणानं पाहिलं आणि त्याचं तोंड पांढरं पडलं.

"बूच," एवढंच तो म्हणाला.

मी किटलीतला चहा पाण्यात ओतून दिला आणि किटलीनं पाणी उपसायला लागलो. गुणानं बोटीचं तोंड काठाकडं वळवलं. दिलेला शब्द होता. थेंब आला तर मागं फिरायचं, आणि इथं तर घोटाभर आलं होतं. त्याचे डोळे भरले होते. एवढ्या वर्षांत त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"अवं, कुठं वळवताय?" गिरजावहिनी म्हणाली.

"मागं. तू म्हणालीस न्हवं."

"मी म्हणाले व्हते. आता न्हाई म्हणत. भोक कुठं हाय ते दाखवा."

गुणानं मागची फळी उचलून दाखवलं. तिनं ताटातला खण घेतला, त्याची घट्ट गुंडाळी केली आणि भोकात दाबून बसवली. मग चप्पल काढून त्यावर टाच रोवली. हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं.

"आता चला," ती म्हणाली. "आई दारात उभी हाय माझी."

बोट करंजाळला लागली. वृंदावनाचा एक कोपरा फुटलेला, बाकी जसंच्या तसं. वहिनीनं पदरानं गाळ पुसला, हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला, तांदूळ वाहिले. खणाची जागा रिकामी राहिली. गुणा मान खाली घालून म्हणाला, "खण काढून आणू काय? वल्ला हाय, पण हाय."

"नगं," ती म्हणाली. "परत जायाला पायजे त्यो." मग तिथंच दगडावर टेकून ती खूप वेळ रडली. आम्ही थांबवलं नाही. रडून झाल्यावर तिनं गुणाला चूल कुठं होती, गोठा कुठं होता, फणस कुठं होता, ते बोट दाखवून सांगितलं. गुणा प्रत्येक जागेवर जाऊन उभा राहिला.

येतानाही तिची टाच खणावरच होती. काठावर उतरल्यावर गुणानं खण ओढून काढला. तो बोटीच्या तळातल्या तेलानं काळपट ओंगळ झाला होता, गुणा तो फेकणार, तर तिनं त्याच्या हातातून घेतला, झटकला, पिळला आणि घरी नेला. फूल तोवर पडलं होतं म्हणे. गुणानं बूच आणून बसवलं.

महिन्याभरानं वहिनी पहिल्यांदाच बोटीतून बाजाराला निघाली. अंगात लाल खणाची नवी चोळी होती आणि दंडाजवळ तेलाचा काळा डाग तसाच. बोटीत कुंभारवाड्याची सुमंगला बसलेली. ती म्हणाली, "गिरजाक्का, चोळी चांगली हाय की, पण डाग पडलाय बघ."

गिरजावहिनीनं त्या डागावर हात ठेवला.

"असू दे," म्हणाली. "माहेरचा खण हाय."