रखमा कुणाचंच नाव नव्हतं

"परत म्हण बघू एकदा," वहिनीसाहेब म्हणाल्या.

मी परत म्हणाले. मृण्मयी.

सोफ्यावरच्या सगळ्या बायका हसल्या. त्या दिवशी मालकांच्या बंगल्यावर भिशी होती. सात-आठ जणी, हातात बशा. मला स्वयंपाकघरातून हॉलच्या उंबऱ्यापर्यंत बोलावलं होतं. उंबऱ्याच्या आत नाही. बाळंत होऊन चौदा दिवस झालेले. कानाला फडकं बांधलेलं. एका हातावर पोरगी, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा.

"जीभ वळती की गं तुझी," एक जण म्हणाली.

"अर्थ तरी माहीत आहे का?" दुसरी.

माहीत होता. पण त्यांच्यापुढं सांगावासा वाटला नाही. त्यांनी समजायचं ते समजून घेतलं.

वहिनीसाहेब हसू आवरत म्हणाल्या, "अगं, नाव कसं, शोभेल असं ठेवावं. उद्या ही शेडवर बेदाणा निवडायला बसली की मुकादम काय मृण्मयीताई म्हणून हाक मारणार आहे? त्यापेक्षा रखमा ठेव. आमच्याकडं रखमा होती. चाळीस वर्षं राबली, कधी मान वर केली नाही. लय इमानी बाई."

मी पेढ्यांचा पुडा पुढं केला. "ते राहू दे," त्या म्हणाल्या. "शेडवरच्या बायकांना वाट."

हॉलची खिडकी उघडी होती. बाहेर अंगणात माझा नवरा गाडी धूत होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. तोही हसला. मोठ्यानं नाही. पण हसला. मी बघितलं.

आम्ही दोघं दुष्काळी माण तालुक्यातले. माझं माहेर म्हसवडच्या पल्याड, मेंढरं राखणाऱ्यांची वस्ती. लग्नानंतर तासगावला आलो. नवरा एका द्राक्षबागायतदाराचा ट्रॅक्टर चालवायचा, पडेल ते काम करायचा. मी हंगामात बेदाण्याच्या शेडवर आणि बाकी वर्षभर त्यांच्याच बंगल्यावर धुणं-भांडी. राहायला शेडच्या मागची पत्र्याची खोली. ती मालकांचीच.

मी दहावीपर्यंत शिकले. नववीत असताना मराठीच्या बाईंनी फळ्यावर तो शब्द लिहिला होता. मृण्मयी म्हणजे मातीची बनलेली. माझ्या डोक्यात तो तसाच राहिला. आमच्या माणात पाणी नाही, पीक नाही, पण माती आहे ना. मला वाटलं, हा शब्द आपलाच आहे. मोठ्या घरात जाऊन राहिलाय एवढंच. पोरगी झाली तेव्हा मी तो परत आणला.

बारसं खोलीतच झालं. नवऱ्याला बहीण नाही. मग माझ्याबरोबर शेडवर काम करणाऱ्या शांतव्वानं पोरीच्या कानात नाव सांगितलं. ती कर्नाटकातली, अथणीकडची, मराठी मोडकंतोडकं. "मुन्मई," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले. ते हसणं टोचलं नाही.

भिशीच्या दिवशी दुपारी नवरा जेवायला आला. मी ताट वाढलं आणि विचारलं, "तुमी का हसला?"

"मग काय रडू?"

"तुमच्या लेकीला हसत हुत्या त्या."

त्यानं भाकरी मोडली. खाल्ली नाही. मग बोलायला लागला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, तोवर हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं.

त्याचं नाव सरदार. बापानं हौसेनं ठेवलं होतं. शाळेत गावच्या मोठ्या घरांतली पोरं त्याला रोज मैदानात उभं करायची. "सरदार, शेण उचल." "सरदार, माझं दप्तर घे." एकदा त्याला गाढवावर बसवून गावातून फिरवलं. सरदाराची स्वारी म्हणून. बाप नुसता बघत होता. 

"नाव मोठं ठेवलं की आदी हसत्यात," नवरा म्हणाला. "मग मारत्यात. मला ठावं हाय. माझ्या पोरीला कुणी बघूच नये असलं नाव पायजे मला."

"म्हंजे रखमा?"

"वाईट काय हाय त्यात? देवीचं नाव हाय."

नाव वाईट नव्हतं. माझ्या चुलत आजीचं नाव रखमा होतं. पण तिला ते तिच्या आईबापानं दिलेलं. माझ्या पोरीला ते कशासाठी मिळत होतं? मान खाली घालण्यासाठी. पाळण्यात असतानाच तिची जागा सांगण्यासाठी.

मी म्हणाले, "माझी पोरगी मृण्मयी."

तो म्हणाला, "नावानं काय प्वाट भरतंय?"

त्यानंतर आमच्यात बोलणं कमी झालं. तो पोरीला "बाळा" म्हणायचा. मी मुद्दाम मोठ्यानं मृण्मयी म्हणायचे. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमायचा.

महिन्याभरानं वहिनीसाहेबांनी चांदीचे वाळे पाठवले. नवरा घेऊन आला. तोंडभर हसत होता. पोरीच्या पायात त्यानंच घातले. मी काढले नाहीत. खरं सांगते, मला ते आवडले होते. माझ्या पायात कधी चांदी आली नव्हती.

पोरगी तीन महिन्यांची झाली तेव्हा मी तिला डोस द्यायला अंगणवाडीत नेलं. ताईंनी जन्माचा दाखला मागितला. नवऱ्यानं तो काढून आणला होता, डब्यात ठेवला होता. मी न उघडताच त्यांना दिला. ताईंनी तो बघून रजिस्टरात लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता बोलल्या, "रखमा. जुनं नाव ठेवलंत हो. आता कोण ठेवत नाही."

मी कागद हातात घेतला. शिक्का होता. मुलीचं नाव, रखमा. वडिलांचं नाव, सरदार. खाली माझं नाव. तेवढं बरोबर होतं.

पोरीला सुई टोचली. ती रडली. मी तिला गप्प केलं नाही. मी कागद परत परत वाचत होते.

तशीच नगरपालिकेत गेले. खिडकीतल्या माणसानं कागद बघितला. "एकदा नाव लागलं की लागलं. बदलायचं तर प्रतिज्ञापत्र लागेल. आईबाप दोघांच्याही सह्या. वडलांना घेऊन या."

"वडील येत न्हाईत."

"मग कशाला आलात?" त्यानं कागद परत सरकवला.

घरी जायचं माझ्या मनात नव्हतं. बंगल्यावरची ती रखमा अजून जिवंत आहे असं शांतव्वानं एकदा सांगितलं होतं. गावाच्या टोकाला भाच्याकडं राहते. मी विचारत विचारत गेले. मला तिला बघायचं होतं. जिच्या नावानं माझी पोरगी आयुष्य काढणार, ती बाई कशी आहे ते.

म्हातारी दारात बसली होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं. बोटं वाकलेली. मी बंगल्याचं नाव काढलं तशी सावरून बसली, पदर डोक्यावर घेतला. बंगला तिथून दोन मैलांवर.

"आवं, तुमचं नाव माझ्या लेकीला ठेवलंय त्यांनी," मी म्हणाले. "रखमा."

म्हातारीनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग म्हणाली, "माझं नाव कुठं रखमा हाय?"

मला समजेना.

"माझं नाव सुभद्रा. आता हाय त्या वैनीच्या सासूचं नाव बी सुभद्राच. एका घरात मालकीण सुभद्रा आन् भांडीवाली बी सुभद्रा, कसं चालंल? पयल्या दिवशीच थोरले मालक म्हणाले, तू रखमा. माझ्या आदीच्या बाईला तेच म्हणायचे."

"तिचं तरी नाव रखमा हुतं का?"

"कुणाला ठावं. मी आले तवा ती मेली हुती."

मी पोरीला घट्ट धरून बसले. रखमा कुणाचंच नाव नव्हतं. ती त्या घरातली जागा होती. एक बाई झिजली की दुसरी आणायची आणि तेच नाव चढवायचं. आता ते तिसऱ्या बाईला द्यायचं होतं. ती बाई तीन महिन्यांची होती आणि माझ्या मांडीवर झोपली होती.

उठताना म्हातारीनं माझा हात धरला. "मला सुभद्रा म्हणून कुणी हाक मारून किती सालं झाली. तू मार की गं एकदा."

मी म्हणाले, "सुभद्राबाई."

तिनं ओ दिली नाही. मी परत हाक मारली. ती कान देऊन बसली होती. मग मान हलवून म्हणाली, "न्हाई गं. दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यागत वाटतंय."

मी रस्त्यानं रडत आले. माझ्यासाठी नाही. त्या बाईनं जन्मभर भांडी घासली, उष्टी काढली, ते सगळं एक वेळ सोसता येईल. पण तिला तिचं नाव परत दिलं तरी ते आता तिला लागत नव्हतं.

मी सरळ बंगल्यावर गेले. या वेळी मागच्या दारानं नाही. वहिनीसाहेब पोर्चमध्ये झोपाळ्यावर होत्या. नवरा बाजूलाच पोती उतरवत होता. मी पोरीच्या पायांतले वाळे काढले आणि झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी ठेवले.

"हे काय?" त्या म्हणाल्या.

"माझ्या पोरीचं नाव रखमा न्हाई."

"कागदावर तर आहे. तुझ्याच नवऱ्यानं लावलंय."

"त्यांनी लावलं. मी न्हाई."

त्या चिडल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. त्याचंच मला आज जास्त वाईट वाटतं. शांतपणे म्हणाल्या, "चांगल्यासाठी सांगितलं होतं. नाव नको असेल तर राहू दे. खोली पण राहू दे मग."

नवऱ्यानं खांद्यावरचं पोतं खाली टाकलं. मला वाटलं, आता हा बोलेल. तो पुढं आला आणि त्यानं त्यांच्यासमोर हात जोडले. "वैनीसाब, बाळंतपणात डोकं फिरलंय तिचं. मी समजावतो."

मग माझ्याकडं वळला. "माफी माग."

त्याच्या कपाळावर घाम होता. डोळ्यांत भीती होती. गाढवावर बसवलेलं पोरगं मला त्यात स्पष्ट दिसत होतं. मला त्याची दया आली. तरी मी माफी मागितली नाही.

त्याच दिवशी मी म्हसवडची एसटी धरली. पिशवीत पोरीची दुपटी आणि तो दाखला. नवरा स्टँडपर्यंत आला. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा होता. एकदाच म्हणाला, "सही तेवढी मागू नगंस. त्येंच्या कानावर गेलं तर माझं काम जाईल."

त्यानं सही दिली नाही. सहा वर्षं झाली. सणासुदीला येतो, पोरीला कपडे आणतो. तिला अजून "बाळा" म्हणतो. दोन्ही नावांपैकी एकही तोंडातून काढत नाही. आमचं भांडण मिटलेलं नाही, आणि आता मिटेल असं मला वाटत नाही. मी माहेरी भावाची मेंढरं राखते, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. भावजय रोज काही ना काही बोलते. एवढ्याशा नावापायी नवरा सोडला म्हणते. आयही तेच म्हणायची. मी कुणाला पटवू शकले नाही.

या जूनमध्ये पोरीला पहिलीत घातलं. गुरुजी भले आहेत. त्यांनी दाखला दोनदा वाचला. "बाई, संगणकात हेच नाव जाणार," ते म्हणाले. "आधार कार्डावर पण हेच आहे. माझ्या हातात काही नाही."

"हजेरीला तरी मृण्मयी म्हणा."

"पटावर आहे तेच म्हणावं लागतं."

मी पोरीला घरी समजावलं. पटावर एका दुसऱ्या बाईचं नाव चुकून लागलंय. ते पुकारलं की गप्प बसायचं. तुझं नाव पुकारलं की ओ द्यायची.

पहिल्या दिवशी ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशीही. आठवड्यानं गुरुजींनी मला बोलावलं. "पोरगी वर्गात बसलेली असते. सगळं लिहिते. हुशार आहे. पण ओ देत नाही. मला गैरहजर मांडावी लागते. पुढं अडचण होईल तिला."

"व्हईल," मी म्हणाले.

"मग सांगा ना तिला ओ द्यायला."

"न्हाई सांगणार."

घरी येताना पोरीनं विचारलं, "आय, मी हुते की वर्गात. मग मी न्हाई असं गुरुजी का लिवत्यात?"

मी तिचं दप्तर माझ्या खांद्यावर घेतलं. मी बरोबर वागतेय असं छातीठोक सांगता येत नाही. तिचं वर्ष जाईल कदाचित. उद्या तीच मला म्हणेल, नाव घेऊन काय चाटू? म्हणू दे. मी ऐकून घेईन. तिला नको असेल तर तिनं माझं नावही टाकून द्यावं आणि स्वतःचं स्वतः ठेवावं. ते तिचं.

पण रखमा नाही. ते नाव इतकी वर्षं चाललं ते त्या घराच्या जोरावर नाही. आमच्यातली कुणी ना कुणी ओ देत आली म्हणून चाललं. पोटासाठी दिली, खोलीसाठी दिली, भिऊन दिली. पटावर माझ्या पोरीपुढं रोज फुली पडते आहे. पडू दे. ते नाव पुकारत राहा तुम्ही. आमच्याकडून आता कुणी ओ देणार नाही.